बांध नसलेले शेजारी

गेले वर्षभर लखनौला वडिलांशी होणारे माझे संभाषण अर्ध्यावरच तुटत असे. त्यांचे वय 81. दोन्ही कानांना श्रवणयंत्रे, ब्लूटूथने फोनशी जोडलेली. इंटरनेटवरून कॉल लावला की आधी शब्द गळत, मग नुसती खरखर आणि अखेर "पत्रच लिहीत जा," असे म्हणून ते फोन ठेवत. यंत्रे दोनदा दुरुस्तीला गेली व निर्दोष ठरून परत आली. दिवाळीत घरी गेलो तेव्हा ध्यानात आले, की फोन मोबाइल डेटावर असतानाच हे घडते. घरच्या वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडला की आवाज स्वच्छ येतो.

याचे उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, हवेतील शेजारात आहे. आपल्याकडे 4जीसाठी वापरला जाणारा एक प्रमुख पट्टा 2300 ते 2400 मेगाहर्ट्झचा. ब्लूटूथ व जुन्या वाय-फायचा पट्टा नेमका 2400 पासूनच सुरू होतो. मध्ये बांध नाही. मनोऱ्याशी बोलताना फोन 200 मिलिवॅटपर्यंत शक्ती वापरतो आणि त्याच वेळी त्याच्याच पोटातील ब्लूटूथला श्रवणयंत्राची कुजबुज ऐकायची असते. वरातीच्या बँडशेजारी कानगोष्टी कराव्यात, तसे हे. ब्लूटूथ सतत वाहिन्या बदलून गोंगाट चुकवते हे खरे. पण कानच बधिर झाल्यावर वाहिनी बदलून काय साधणार?

कायद्याच्या दृष्टीने हे दोन शेजारी समान नाहीत. 2300 च्या पट्ट्यासाठी 2010 च्या लिलावात कंपन्यांनी सुमारे 25 हजार 700 कोटी रुपये मोजले. 2400 च्या पलीकडील पट्टा 2005 च्या नियमांनी परवानामुक्त झाला, तो एका अटीवर: इतरांना व्यत्यय आणायचा नाही आणि स्वतःला झालेल्या व्यत्ययाबद्दल संरक्षण मागायचे नाही. ही अट अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. तिच्यामुळेच घरोघरी स्वस्त राउटर आले. मात्र आज त्या पट्ट्यावर माणसाचे ऐकणे विसंबून आहे.

उपाय मुख्यतः फोनच्या आत आहे. चांगला फिल्टर आणि दोन्ही रेडिओंनी आळीपाळीने बोलण्याची व्यवस्था, दोन्ही तंत्रे अभियंत्यांना ठाऊक आहेत. फिल्टरला पैसे पडतात, आणि स्वस्त फोनमध्ये काटकसर कोठे होते हे ग्राहकाला दिसत नाही. परवानामुक्तीच्या नियमांत प्रक्षेपणाच्या शक्तीला मर्यादा आहे, अँटेनाच्या उंचीलासुद्धा आहे. शेजाऱ्याचा गोंगाट यंत्राने किती सोसावा, याविषयी ते गप्प आहेत. 2300 चा पट्टा चालू असताना ब्लूटूथ कितपत टिकते, याची चाचणी करून निकाल फोनच्या खोक्यावर छापण्याची सक्ती सरकारने करावी. त्यासाठी एक मेगाहर्ट्झही कोणाकडून परत घ्यावा लागणार नाही.

तूर्त वडील फोन वाजला की बैठकीच्या खोलीत, राउटरजवळच्या खुर्चीत येऊन बसतात. बाजारात गेलेले असले, तर मी फोन करीत नाही.