ऑर्कांवर एआयचा पहारा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यालगतच्या सेलिश समुद्रात ‘ऑर्कासाउंड’ या प्रकल्पाने हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, बसवले आहेत. त्यांनी टिपलेला आवाज इंटरनेटवर कुणालाही थेट ऐकता येतो. पण रात्रभर हेडफोन लावून बसणार कोण? हे काम २०२० पासून ‘ऑर्काहॅलो’ ही एआय प्रणाली करते. आवाजाचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, तपासून ती ऑर्कांच्या, म्हणजे ‘किलर व्हेल’च्या, हाका हुडकते. कधी हंपबॅक देवमाशाला, कधी चक्क बोटीच्या कुरकुरीला फसते! म्हणून संशयित तुकडा आधी जाणकार ऐकतात. त्यांनी होकार दिला तरच इशारा जातो. इथल्या ऑर्कांच्या ‘जे’ कळपाची ‘एस-१’ हाक त्यांच्या चांगल्या ओळखीची. धडपड रास्तच आहे: इथले जेमतेम पंचाहत्तरच्या घरातले निवासी ऑर्का आवाजाच्या प्रतिध्वनीवरून सामन मासे शोधतात आणि जहाजांच्या गोंगाटात नेमकं तेच अवघड होतं.