रंगाच्या थरांतून वीज

वर्धेच्या तीरीं वसलेलें कौंडण्यपूर रुक्मिणीचें माहेर म्हणून आपणां सर्वांस ठाऊक आहे. वैशाखांत तेथील टिनाच्या छपरांवर हात ठेववत नाहीं. मग एवढ्या उन्हाची वीज घरोघर कां करूं नये? अडचण उन्हाची नसून वजनाची आहे. सिलिकॉनचा कांचबंद तक्ता चौरस मीटरास दहा-अकरा किलो भरतो. जुन्या वाशांवरील छप्पर तो पेलीलच असें नाहीं. म्हणून हलक्या, लवचीक सौरघटाचा शोध महत्त्वाचा ठरतो.

१९८६ सालीं अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनीचे चिंग तांग यांनीं त्याची वाट दाखविली. शाईंत वापरला जाणारा निळा रंग, ताम्र-थॅलोसायनीन, आणि पेरिलीनपासून केलेला दुसरा रंग यांचे थर त्यांनीं एकावर एक दिले. दोहोंची जाडी मिळूनहि मिलिमीटरच्या दहा-हजारांशाहून कमी!

इतका पातळ थर कां? ऊन पडतांच रंगाच्या रेणूंत धन व ऋण भारांची जोडी निर्माण होते. ती दोन थरांच्या सीमेवर पोंचली तरच फुटते आणि वीज वाहते. परंतु तिची धांव फार थोडी. थर जाड असल्यास ती वाटेंतच विझते, आणि फार पातळ असल्यास ऊन आरपार निघून जातें.

हें माप निर्वात पेटींत साधतें. तेथें हवेचा दाब सुमारें एक अब्जांशावर आणून रंगाची भुकटी तापवितात. वाफेचे रेणू कशावरहि न आपटतां सरळ जाऊन थंड पत्र्यावर बसतात, भाताच्या झांकणास वाफ बसते तसे. द्रावक नसल्यामुळें वरचा थर देतांना खालचा विरघळत नाहीं.

तांग यांच्या घटानें उन्हाच्या सुमारें १ टक्का शक्तीची वीज केली. जर्मनींतील ड्रेस्डेनच्या हेलियाटेक कंपनीनें २०१६ सालीं प्रयोगशाळेंत १३.२ टक्के गांठले. सिलिकॉनचे चांगले तक्ते २० टक्क्यांच्या पुढें आहेत. शिवाय ओल व प्राणवायु या रंगांस बाधतात, म्हणून वेष्टन अभेद्य लागतें.

तेव्हां ज्यांचें घर पक्क्या गच्चीचें, त्यांनीं आज सिलिकॉनच घ्यावें. पण ज्याच्या डोक्यावर नुसतें टिन आहे, त्याच्याच वांट्यास ऊन अधिक येतें. त्याच्या छपरास पेलेल अशी वीज हाच या शोधाचा खरा कस होय.