हिवतापाचा परोपजीवी आणि त्याची प्रथिनभेदक विकरे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१८८० साली अल्जीरियात लाव्हराँ या फ्रेंच लष्करी वैद्याने हिवतापाचा परोपजीवी रुग्णाच्या रक्तात पाहिला आणि १८९७ साली सिकंदराबादेच्या मुक्कामी रोनाल्ड रॉस यांनी तो डासाच्या देहात दाखवून दिला, तेव्हा रोगाचा कर्ता कोण आणि वाहक कोण या दोन्ही प्रश्नांचा निकाल लागला. परंतु मानवाच्या तांबड्या रक्तपेशीत शिरून तेथे तो आपला अंमल कसा बसवतो, हे कळण्यासाठी त्याची प्रथिने कापणारी विकरे तपासावी लागली. या विकरांविषयी काही चुकीच्या समजुती आजही रूढ असल्याने त्यांचे निराकरण करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : ही विकरे म्हणजे परोपजीवीचे निव्वळ पाचक रस होत.

वस्तुस्थिती : पचन हे त्यांच्या अनेक कामांपैकी एक. यजमान पेशीत रवाना करावयाच्या प्रथिनांवरील ठरावीक खूण ओळखून प्लाझ्मेप्सिन-५ हे विकर नेमके तेथेच छेद देते, आणि ती प्रथिने पोचल्यावरच पेशीचे स्वरूप पालटते. पुढे संतती पक्व झाली की प्लाझ्मेप्सिन-१० हे ‘सब-१’ नामक विकराला कार्यान्वित करते, ‘सब-१’ आणखी काही प्रथिनांना छेद देऊन त्यांना कामास लावते, आणि या क्रमाने पेशीचे आवरण फुटून नवी पिढी बाहेर पडते. फॅल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स या जातींत हे चक्र सुमारे ४८ तासांचे असते, आणि असंख्य पेशी एकसमयावच्छेदेकरून फुटतात तेव्हा हुडहुडी भरून ताप चढतो.

गैरसमज : परोपजीवी हिमोग्लोबिन खातो तो केवळ पोषणासाठी.

वस्तुस्थिती : फॅल्सिपेरम पेशीतील निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन आपल्या आम्लधर्मी अन्नपुटिकेत नेतो आणि तेथे प्लाझ्मेप्सिने व फॅल्सिपेने ही विकरे त्याचे तुकडे करतात, परंतु त्यातून निघणाऱ्या अमिनो आम्लांचा अल्प अंशच तो वापरतो. म्हणून वाढीला जागा करणे आणि पेशी अकाली फुटू न देणे हाही या खटाटोपाचा हेतू असावा, असे अनेक संशोधक मानतात. शिवाय प्रौढ मानवाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल मुळीच नसल्याने ते त्याला रक्तद्रवातूनच मिळवावे लागते.

गैरसमज : क्लोरोक्वीन ही विकरे बंद पाडते.

वस्तुस्थिती : हिमोग्लोबिन कापले गेले की हीम नावाचा लोहयुक्त, परोपजीवीलाच घातक असा अंश मोकळा होतो. त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून परोपजीवी स्वतःचा बचाव करतो, आणि क्लोरोक्वीन नेमका हा बचाव मोडते. आर्टेमिसिनीनही याच हीममुळे सक्रिय होते. अर्थात या दोन्ही औषधांचा प्रभाव विकरांचे काम चालू राहण्यावरच अवलंबून आहे.

गैरसमज : एक विकर अडवले की परोपजीवी मरतो.

वस्तुस्थिती : अन्नपुटिकेतील चारही प्लाझ्मेप्सिनांची जनुके काढून टाकली तरी प्रयोगशाळेत परोपजीवी जगला, फक्त त्याची वाढ मंदावली, कारण तेथील एका विकराची उणीव दुसरे भरून काढते. प्लाझ्मेप्सिन-५, प्लाझ्मेप्सिन-१० आणि ‘सब-१’ यांना मात्र असा पर्याय नाही, म्हणून संशोधनाचा रोख आता त्यांच्याकडे वळला आहे. मानवी देहातही पेप्सिन, कॅथेप्सिन अशी प्लाझ्मेप्सिनांची सगोत्र विकरे असल्याने, परक्याला रोखून आपल्याला न दुखावणारे द्रव्य शोधणे हे खरे अवघड कर्म आहे. परंतु एचआयव्हीच्या प्रथिनभेदक विकराला रोखणारी औषधे १९९५ सालापासून वापरात आली, हा दाखला आशा बाळगण्यास पुरेसा आहे.

परोपजीवीच्या या विकरांवर थेट प्रहार करणारे हिवतापाचे औषध अद्याप प्रचारात आलेले नाही. तोवर वाचकांनी एवढे अवश्य करावे : थंडी वाजून ताप आल्यास विनाविलंब रक्त तपासून घ्यावे, आणि ताप उतरला तरी वैद्याने ठरवून दिलेली औषधाची मुदत पूर्ण करावी.