मांडव सजवताना

चातुर्मास संपला की आपल्या समाजात विवाहाच्या तिथी निघू लागतात. मंगल कार्यालय ठरते, आचारी ठरतो आणि मग सजावटकार आपला अल्बम पुढे ठेवून विचारतो, “थीम कोणती?” राजवाडा, राजस्थानी हवेली, फुलांचा बगीचा, पानापानावर नवी दुनिया. ‘थीम’ हा शब्द आता मराठी घरांत रुळला आहे आणि त्यात वावगे काही नाही. मांडव, पत्रिका आणि भोजनगृह एकाच कल्पनेने गुंफणे ही रसिकताच आहे. मात्र अल्बममधील खांब कालपर्यंत दुसऱ्याच्या लग्नात उभे असतात आणि उद्या तिसऱ्याच्या लग्नात जातात. त्यात वधूवरांचे स्वतःचे काय, हा प्रश्न बहुधा विचारायचाच राहून जातो.

जैन परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध विवाह हा पूर्ण न झालेला विवाह आहे. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ वरात घेऊन राजुलमतीच्या दारी निघाले. नगर शृंगारलेले होते, मंडप उभा होता. वाटेत त्यांना कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकू आला. विवाहाच्या भोजनासाठी ते आणले आहेत असे कळताच त्यांनी रथ वळवला आणि गिरनारची वाट धरली. आबूच्या लूणवसही मंदिराच्या छतावर हा प्रसंग कोरलेला आहे. शोभेमागचे दुःख नेमिकुमारांना दिसले, कारण त्यांनी शोभेपलीकडे पाहिले. आपल्या भोजनात आज हिंसा नाही, याचे आपल्याला समाधान आहे. पण सजावटीच्या मागे काय आहे, हेही एकदा पाहायला हवे.

कल्पना घरातच असते

थीम निवडण्यासाठी प्रथम अल्बम मिटावा आणि दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांना बोलते करावे. शेतकरी कुटुंबात सुपे, कणग्या, पितळी घागरी असतात. व्यापारी कुटुंबात जुना तराजू, लाकडी गल्ला, आजोबांचे लिखाणाचे मेज असते. स्वागतकक्षात अशा चार वस्तू नीट मांडल्या आणि त्यांच्याशेजारी दोन ओळींत त्यांचा इतिहास लिहिला, तर पाहुणे तिथे थांबतात, विचारतात, बोलतात. विकतच्या कमानीपाशी फक्त फोटो निघतो.

अंतरपाटाचा विचार तर अवश्य करावा. मंगलाष्टके चालू असताना साऱ्या मांडवाचे डोळे त्या एका वस्त्राकडे असतात आणि तरीही तेच आपण आयत्या वेळी शोधतो. दोन्ही आज्यांच्या सुती लुगड्यांचे काठ जोडून अंतरपाट शिवावा, त्यावर घरच्या मुलीसुनांनी स्वस्तिक भरावे. खर्च जवळजवळ नाही आणि लग्नानंतर तो पिढ्यान्‌पिढ्या जपता येतो. मांडवाचे रंगही त्या काठांवरूनच घ्यावेत. सजावट आपोआप एकसूत्री होते.

फुले, वस्त्रे आणि दिवे

फुलांच्या भिंतींसाठी खुडलेली फुले संध्याकाळी कचऱ्यात जातात. काही आम्नायांत पूजेतही फुलांऐवजी केशरात रंगवलेल्या अक्षता वाहतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. मग मांडवात कापडी फुले, सुती तोरणे आणि कुंड्यांतील रोपे का नसावीत? फुले हवीच असतील तर वेदीपुरती असावीत. ती खोचण्याचा हिरवा स्पंज मात्र टाळावा. तो प्लास्टिकचाच प्रकार असून मातीत मिसळत नाही. थर्माकोलच्या सजावटीला तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.

साधे रेशीम मिळवताना कोशातील जीव उष्णतेने मारला जातो. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांचे ‘अहिंसा रेशीम’ही मिळते, पण पडद्यांसाठी आणि झालरींसाठी खादी किंवा इचलकरंजीचे सुती कापड पुरेसे देखणे दिसते.

दिव्यांचा प्रश्न वेळेशी जोडलेला आहे. रात्री प्रखर दिव्यांवर असंख्य कीटक झेपावतात आणि सकाळी त्यांचा सडा पडलेला दिसतो. विधी व भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपले, तर रात्रिभोजनत्याग पाळला जातो आणि रोषणाईची गरजही उरत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हासारखा प्रकाश कोणत्याही सजावटकाराकडे नाही.

मंगलचिन्हांची मर्यादा

आपल्या परंपरेत चिन्हांचा मोठा ठेवा आहे. दिगंबर व श्वेतांबर अष्टमंगलांच्या याद्या वेगळ्या असल्या, तरी कलश आणि दर्पण दोन्हींत आहेत. दोन आम्नायांची घरे जोडली जात असतील, तर या दोन चिन्हांभोवती सजावट गुंफणे किती समर्पक ठरेल!

मात्र काही पथ्ये पाळावीत. सिंहासनावरील तीन छत्रे हे तीर्थंकरांचे प्रातिहार्य आहे. वधूवरांच्या आसनावर ते नसावे. समवसरणाची प्रतिकृती व्यासपीठासाठी करू नये. पायदळी येणाऱ्या रांगोळीत पवित्र चिन्हे काढू नयेत. पत्रिकेवर तीर्थंकरांची प्रतिमा छापली, तर ती पुढे रद्दीत जाते. तिथे कलशाचे रेखाचित्र शोभते.

घरातील मतभेद

या सर्वांवर एक आक्षेप घरातूनच येतो: “एवढे साधे केले तर लोक काय म्हणतील?” तो धुडकावून लावू नये. मुलीच्या लग्नात कमी पडलो असे वाटू नये, ही पित्याची तळमळ त्यामागे असते. त्यांना वाद घालून पटणार नाही; त्यांच्या वडिलांचा तराजू स्वागतकक्षात मानाने मांडलेला पाहून पटेल. वाचलेल्या रकमेतून एखाद्या विद्यार्थ्याची वर्षाची फी भरावी किंवा पांजरपोळास चारा द्यावा आणि तो संकल्प त्यांच्याच हस्ते करावा. त्यांचा मान वाढतो आणि साधेपणाला कंजुषीचे नाव मिळत नाही.

एवढे ठरले की कामे सोपी होतात. दोन-तीन महिने आधी यादी करावी; काय हवे याबरोबर काय नको, हेही सजावटकाराला लेखी द्यावे. प्रत्येक वस्तू लग्नानंतर कुठे जाणार, ते आधीच ठरवावे: रोपे पाहुण्यांकडे, कापड शिवणवर्गाला, पितळी भांडी पुन्हा फडताळात आणि अंतरपाट नवदांपत्याच्या कपाटात.