‘काढणे’, ‘भरणे’, ‘धुणे’ : फिल्म-कॅमेऱ्याच्या मराठी क्रियापदांचा विचार

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे शहर भाषाभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. उत्तन-डोंगरीच्या बाजूस कोळी व ईस्ट इंडियन समाजाच्या बोली तेथे पूर्वापार नांदत आल्या आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या विस्ताराबरोबर मराठी, गुजराती, मारवाडी व हिंदी भाषकांची त्यांत मोठी भर पडली. २००२ साली तेथे महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. अशा वस्तीत एकाच क्रियेस निरनिराळी क्रियापदे शेजारी-शेजारी ऐकू येतात. मराठी भाषक फोटो ‘काढतो’. गुजरातीत ‘फोटो पाडवो’ असे म्हणतात, म्हणजे फोटो ‘पाडला’ जातो. आणि हिंदीत तो ‘खींचा’ जातो. बंगालीत तर चित्र ‘उचलले’ जाते, कारण तेथील शब्दप्रयोग ‘छबि तोला’ असा आहे. ‘फोटो’ हे नाम सर्वांनी उसने घेतले. क्रियापद मात्र प्रत्येक भाषेने आपल्या घरचे वापरले.

परक्या वस्तूचे नाव भाषा सहज स्वीकारते. पण त्या वस्तूशी माणसाच्या हाताने काय करायचे, हे सांगताना ती आपल्याच जुन्या कसबांकडे वळते. फिल्म-कॅमेऱ्याच्या मराठी शब्दसंपत्तीत हे तत्त्व स्पष्ट दिसते. तिच्यात चित्रकाराचे ‘काढणे’, सैनिकाचे ‘भरणे’ व ‘रोखणे’, आणि घरोघरचे ‘धुणे’ अशी तीन कुळांची क्रियापदे एकत्र आली आहेत.

त्यांपैकी ‘काढणे’ हे सर्वांत रूढ होय. चित्र काढणे, नक्षी काढणे, रांगोळी काढणे या प्रयोगांच्या पंक्तीस ‘फोटो काढणे’ सहज बसले. कन्नडमध्येही याच अर्थी ‘तेगे’ म्हणजे ‘बाहेर काढ’ हा धातू योजतात. हे साम्य लक्षणीय असले तरी एवढ्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढता येत नाही; मराठीला आपल्या चित्रकलेच्या परिभाषेतच हे क्रियापद उपलब्ध होते. नामांच्या बाबतीतही आत्मसात करण्याच्या पायऱ्या दिसतात. ‘कॅमेरा’ हा शब्द ‘घोडा’ या शब्दाप्रमाणे चालतो व ‘कॅमेऱ्यात’ असे सामान्यरूप घेतो. ‘फोटो’ मात्र ‘फोटोत’, ‘फोटोला’ असा अविकृत राहतो. निगेटिव्ह, फिल्म व लेन्स या शब्दांस स्त्रीलिंग मिळाले, तर रोल पुल्लिंगी ठरला. ‘छायाचित्र’ हा संस्कृत घडणीचा प्रतिशब्दही विचार करण्याजोगा आहे. ज्याला इंग्रजीत ‘प्रकाशलेखन’ म्हटले गेले त्याला आपण ‘छायेचे चित्र’ म्हटले, ही विसंगती वाटेल. परंतु ‘छाया’ या शब्दास सावलीप्रमाणेच प्रतिबिंब व कांती हेही अर्थ आहेत. शिवाय या कलेचा एक जनक टॅल्बट यानेही १८३९ साली तिचे वर्णन सावली स्थिर करण्याची कला असेच केले होते.

दुसरे कूळ शस्त्रविद्येचे. कॅमेऱ्यात रोल ‘भरतात’, जशी बंदूक भरतात; आणि कॅमेरा एखाद्यावर ‘रोखतात’, जशी बंदूक रोखतात. इंग्रजीत हा संबंध अधिक उघड आहे. ‘स्नॅपशॉट’ हा मूळचा शिकाऱ्याचा शब्द. नीट नेम न धरता झटकन झाडलेल्या गोळीस तो लावीत, आणि हर्शेलने १८६० साली तो छायाचित्रणास लावला. फ्रेंच शास्त्रज्ञ मारे याने १८८२ साली उडत्या पक्ष्यांची चित्रे टिपण्यासाठी केलेले यंत्र तर बंदुकीच्याच आकाराचे होते. अंतर मोजण्याचा ‘रेंजफाइंडर’ तोफखान्यात जसा वापरात होता, तसाच तो पुढे कॅमेऱ्यातही बसविला गेला. मराठीने मात्र या कुळातील सर्वच शब्द घेतले नाहीत. चलच्चित्रासाठी ‘शूटिंग’ आले. साध्या फोटोवर कोणी गोळी झाडली नाही, तो ‘काढला’च गेला.

सैनिक व कॅमेरा यांचा संबंध महाराष्ट्राच्या परिसरात केवळ शब्दांपुरता नव्हता. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुंबई तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज याची विजापूर व अन्य स्थळांच्या वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी सरकारने नेमणूक केली. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल हा अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये नेमला गेला आणि त्या परिसरातच राहिला. त्याच्या रंगीत प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. पण त्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली होती. सैन्यातून निवृत्त झालेल्या कित्येकांना आजही जुन्या फिल्म-कॅमेऱ्याचा शौक असतो. त्याला अशी दीर्घ पूर्वपीठिका आहे.

तिसरे क्रियापद ‘धुणे’. ‘रोल धुवायला दिला’ या वाक्यात एक संपूर्ण रासायनिक प्रक्रिया सामावलेली आहे. फिल्मवरील चांदीच्या क्षारकणांवर प्रकाश पडला की त्यांच्यात अदृश्य बदल होतो. डेव्हलपरमध्ये त्याच कणांची काळी चांदी बनते व प्रतिमा उमटते. मग ‘हायपो’ उरलेले क्षार विरघळवतो. आणि अखेरीस फिल्म पाण्याने स्वच्छ धुतात. धुण्यात कसूर झाली तर राहिलेल्या हायपोमुळे चित्र कालांतराने पिवळे पडते. म्हणजे ‘धुणे’ ही वस्तुतः शेवटची पायरी. तिचेच नाव मराठीने साऱ्या क्रियेस दिले. ‘हायपो’ हा शब्दही भाषिक जीवाश्मच होय. ज्या ‘हायपोसल्फाइट’चे ते संक्षिप्त रूप, ते नाव रसायनशास्त्राने टाकून त्या द्रव्यास सोडियम थायोसल्फेट म्हटले, अंधाऱ्या खोलीने मात्र जुने नाव सोडले नाही.

या धंद्यातील काही अर्थांतरेही बोधप्रद आहेत. इंग्रजीत फिल्म ‘एक्सपोज’ होणे म्हणजे तिच्यावर प्रकाश पडणे. योग्य प्रमाणात पडला तरी तोच शब्द. मराठी बोलण्यात ‘रोल एक्सपोज झाला’ याचा अर्थ रोल वाया गेला एवढाच उरला. ‘फोटो चांगला आला’ या प्रयोगात कर्ता छायाचित्रकार नसून फोटोच आहे. बटण दाबणे व फळ हाती येणे यांमध्ये जेव्हा दिवस जात, तेव्हा फोटो खरोखरच ‘येत’ असे. आग्फा क्लिक-३ मध्ये १२० क्रमांकाच्या रोलवर १२ चित्रे निघत, आणि ३५ मिलिमीटरच्या मोठ्या रोलवर ३६. म्हणूनच ‘छत्तीसचा रोल’ हा शब्दप्रयोग. मोजून मिळालेल्या त्या संधींमुळे ‘वाया गेला’ या शब्दांस वजन होते.

डिजिटल कॅमेऱ्याने या क्रियापदांची फाळणी केली. ‘काढणे’ व ‘येणे’ टिकली. ‘भरणे’ व ‘धुणे’ यांचा आधारच गेला. टिकलेल्या ‘काढणे’मध्येही संदिग्धता वाढली आहे. ‘तो फोटो काढ’ म्हणजे टिप की पुसून टाक, हे आता संदर्भावरूनच कळते, आणि म्हणून दुसऱ्या अर्थी ‘काढून टाक’ हे संयुक्त क्रियापद पुढे येत आहे. कोडॅक्रोम फिल्मचे उत्पादन २००९ साली थांबले. काही उत्पादक अद्याप फिल्म तयार करतात, आणि तरुणांतही तिची हौस पुन्हा दिसते. परंतु ही नवी हौस बहुधा इंग्रजी परिभाषा घेऊनच येते. ज्यांनी तरुणपणी स्वतः रोल भरला, लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटताना पाहिले, आणि हे सारे मराठीत बोलून केले, ती पिढी आता निवृत्त झालेली आहे.

यावरून संशोधनाची एक दिशा स्पष्ट होते. केवळ पारिभाषिक शब्दांच्या याद्या केल्याने हे काम होणार नाही. ‘डेव्हलपर’ला प्रतिशब्द काय, असे विचारल्यास उत्तर ‘डेव्हलपर’ असेच मिळेल. अशा जाणकारांच्या हाती जुना कॅमेरा देऊन, तो उघडताना, रोल भरताना व गुंडाळताना ते जे बोलतात ते ध्वनिमुद्रित केले पाहिजे. नामे इंग्रजी निघतील. क्रियापदे, त्यांचे कारक व त्यांचे अर्थभेद मराठीच असतील. मीरा-भाईंदरसारख्या बहुभाषी शहरात हेच काम मराठीबरोबर गुजराती, हिंदी आणि उत्तनच्या बोलीतही करता आल्यास, एकच हातकसब चार व्याकरणांत कसे वाटले गेले याचा तौलनिक पुरावा मिळेल. कॅमेरे संग्रहालयांत राहतील, निगेटिव्ह पेट्यांत राहतील. पण ‘भरणे’ आणि ‘धुणे’ यांचा हा अर्थ माणसांच्या बोलण्याखेरीज अन्यत्र कोठेही साठविलेला नाही.