एका रस्त्यावरची माणसे

अमूर्त चित्रकलेवरून आमच्या घरी दोन दिवस अबोला होईल, असे भाकीत एखाद्या ज्योतिषाने केले असते, तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती. मी मराठीचा प्राध्यापक. पांढरकवड्यासारख्या गावी राहणारा. आमच्याकडे बोलणे चालते ते कापसाच्या भावावर, मुलांच्या गुणांवर आणि अलीकडे टिपेश्वरच्या वाघांवर. चित्रांशी आमचा संबंध भिंतीवरच्या कॅलेंडरापुरता. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, फराळाचे डबे अजून पुरते भरलेही नव्हते, तोच बारावीत असलेल्या आमच्या कन्येने जाहीर केले की, तिला पुढे चित्रकला शिकायची आहे. तीही देखावे, गणपती, थोरांच्या तसबिरी अशी समजेल तशी नव्हे. तिला ओढ होती ती नुसत्या रंगांच्या आणि आकारांच्या चित्रांची.

मी म्हणालो, "अगं, त्या फराट्यांना कोण विचारतं? चार वेडे एकमेकांना शहाणे म्हणतात, एवढाच तो प्रकार!"

ती रागावली नाही. तिने आपला लॅपटॉप आणून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, ते चार वेडे कोण होते आणि एकमेकांना कसे ओळखत होते, ते आधी बघा. मग बोला."

रेघांचे जाळे

पडद्यावर एक तक्ता होता. जिकडे तिकडे नावे, आणि नावांना जोडणाऱ्या लाल रेघाच रेघा. लांबून पाहावे तर कोळिष्टक वाटावे. न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट' या संग्रहालयाने डिसेंबर २०१२ ते एप्रिल २०१३ या काळात एक मोठे प्रदर्शन भरवले होते. १९१० ते १९२५ या पंधरा वर्षांत अमूर्त कला कशी जन्मली, हा त्याचा विषय. संग्रहालयाच्या लिआ डिकरमन यांनी ते मांडले आणि कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासकांच्या साहाय्याने हा तक्ता सिद्ध झाला. ऐंशीहून अधिक चित्रकार, कवी, संगीतकार, नर्तक त्यात आहेत. या पंधरा वर्षांत ज्या दोघांची ओळख होती असा पुरावा सापडला, त्यांच्यामध्ये रेघ. संगणकावर एखाद्या नावाला बोट लावले की त्या माणसाचा सारा गोतावळा उजळून निघतो!

मी सहज कँडिन्स्कीच्या नावाला बोट लावले आणि त्याच्या नावाभोवती रेघांचा पिसारा फुलला. त्याच्याविषयीची एक हकीकत कन्येने मला सांगितली. १९११ च्या जानेवारीत म्युनिकमध्ये त्याने शोनबर्ग या संगीतकाराची मैफल ऐकली. ते रूढ स्वरमेळ झुगारणारे संगीत होते. घरी येऊन त्याने त्या मैफलीचे चित्र काढले. त्यात पियानोचा एक काळा आकार आणि भोवती पिवळ्या रंगाचा नुसता लोट! मग त्याने शोनबर्गला पत्र लिहिले आणि दोघांची मैत्री जमली. तक्त्यातली एक रेघ ही अशी जन्माला आली.

मला मौज वाटली. आजवर माझी समजूत अशी की, कलेतला नवा विचार एखाद्या एकांतवासी प्रतिभावंताच्या डोक्यात विजेसारखा चमकतो. हा तक्ता निराळेच सांगत होता. १९११-१२ च्या सुमारास कँडिन्स्की, कुप्का, देलोने, पिकाबिया अशा अनेकांनी वेगवेगळ्या गावी जवळजवळ एकाच वेळी वस्तूचे चित्र काढणे सोडले. कारण माणसे एकमेकांना भेटत होती, पत्रे लिहीत होती, मासिके चालवीत होती. आपल्याकडे संतांची मांदियाळी म्हणतात, तसाच हा प्रकार.

आणि मग माझेच मला हसू आले. सातशे वर्षे आपण निर्गुणाचे गोडवे गात आहोत. वर्गात मी त्यावर तास तास बोलतो. परंतु कुणी निर्गुण भिंतीवर टांगले, की आपला पहिला प्रश्न, "हे काय आहे?"

आपल्या रस्त्यावरची मंडळी

"हे झालं परदेशचं. आपल्याकडे कोण होतं?" मी विचारले. तेवढाच माझा बचाव.

कन्येने कपाटातून एक मोठा कागद काढला. तिने आपला स्वतःचा तक्ता करायला घेतला होता! तो पाहता पाहता मी चाटच पडलो. वाचकहो, आमच्या गावाजवळून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. आज त्याचा क्रमांक ४४. पूर्वी तो ७ होता आणि वाराणसीहून कन्याकुमारीला जाई. ट्रकांची ये-जा आणि धूळ यांपलीकडे त्या रस्त्याचा विचार मी कधी केला नव्हता. कन्येच्या कागदावर नेमका तोच रस्ता मधोमध आखला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नावे होती.

वासुदेव गायतोंडे. घराणे गोव्याचे, पण जन्म १९२४ मध्ये नागपूरला. सय्यद हैदर रझा. मंडला जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मले, १९३९ ते ४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि तेथून मुंबईच्या जे. जे. त गेले. हरी अंबादास गाडे. १९१७ साली तळेगाव दशासरला जन्मलेले. शंकरपटासाठी नावाजलेले हे अमरावती जिल्ह्यातले गाव आमच्या जिल्ह्याच्या सीमेपासून फार लांब नाही. गाडे विज्ञानाचे पदवीधर. जबलपूरला शिकवीत आणि चित्रे काढीत. दक्षिणेला याच रस्त्याच्या टोकाशी हैदराबादजवळचे बोलारम, ते कृष्णाजी हौळाजी आरा यांचे जन्मगाव. शंकर पळशीकर साकोलीचे. ते पुढे जे. जे. त शिकवू लागले आणि तेथे अधिष्ठाताही झाले. अंबादास खोब्रागडे अकोल्याचे. ते १९७२ च्या सुमारास नॉर्वेत जाऊन राहिले.

१९४७ साली मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे या सहाजणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. गायतोंडे पुढे त्यांच्यात आले. या तरुणांच्या पाठीशी उभी राहिलेली माणसेही पाहण्यासारखी आहेत. लँगहॅमर, श्लेसिंगर आणि फॉन लायडन हे हिटलरच्या छायेतून निघून मुंबईला आलेले ऑस्ट्रियन-जर्मन गृहस्थ. कँडिन्स्की ज्या 'बाउहाउस' शाळेत शिकवीत असे, ती ज्या वादळाने १९३३ मध्ये बंद पडली, त्याच वादळाने ही बियाणी आपल्या किनाऱ्याला आणून टाकली.

त्याआधीही एक धागा होताच. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यात 'बाउहाउस'च्या चित्रकारांचे प्रदर्शन भरले होते आणि त्यात कँडिन्स्की व क्ली यांची चित्रे होती. 'वीव्हर्स सर्व्हिस सेंटर' ही हातमागासाठी निघालेली सरकारी संस्था. पोटासाठी तेथे नोकरी करणाऱ्यांत अंबादास होते, प्रभाकर बरवे होते. बरवे तर काही वर्षे वाराणसीच्या केंद्रात होते, म्हणजे आमच्याच जुन्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला! कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या मला हे ठाऊक नसावे की, कापडाच्या नक्षीवर पोट भरीत आपल्या अमूर्त चित्रकारांनी चित्रे काढली?

"आणि हे बघा," कन्या म्हणाली. न्यूयॉर्कचे गुगेनहाइम संग्रहालय १९३९ साली उघडले तेव्हा त्याच्या नावातच 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द होता आणि भिंतींवर कँडिन्स्की. गायतोंडेही आपल्या चित्रांना 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' न म्हणता हाच शब्द वापरीत. १९६४ मध्ये ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. आणि २०१४ च्या ऑक्टोबरात, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, त्याच गुगेनहाइममध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. नागपूरला जन्मलेला माणूस अखेर कँडिन्स्कीच्या घरी पाहुणा म्हणून गेला!

जिला रेघ नाही

मी हरलो होतो. पण हरलेला बाप सहसा कबूल करीत नाही. म्हणून शेवटची शंका काढली, "या तक्त्यात सगळे आले का?"

"नाही," ती म्हणाली. "एक बाई सुटली." स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट. १९०६ पासूनच ती अशी चित्रे काढीत होती, म्हणजे कँडिन्स्कीच्याही आधी. पण तिने ती फारशी कुणाला दाखवली नाहीत. उलट आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे ती लोकांपुढे आणू नयेत, असे सांगून ठेवले. १९४४ मध्ये ती गेली. २०१२ च्या त्या प्रदर्शनात तिला जागा मिळाली नाही. पुढे २०१८-१९ मध्ये गुगेनहाइमने तिची चित्रे लावली तेव्हा सहा लाखांवर लोकांनी रांगा लावल्या.

तक्ता ओळखींचा. ज्याची कुणाशी ओळखच नाही, त्याला त्यात रेघ कोठून मिळणार? हे ऐकले आणि माझ्या मनात एकदम आमचे शाळेतले ड्रॉइंगचे सर उभे राहिले.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना आमच्याकडून तांब्या-भांडी गिरवून घेणारे हे सर स्वतःसाठी मात्र काही निराळेच रंगवीत. एका स्नेहसंमेलनात त्यांनी आपले एक चित्र भीत भीत लावले. करडा, राखी रंग आणि मध्ये एक पांढरट धूसर पट्टा, बस्स. संध्याकाळपर्यंत त्याखाली कुणीतरी चिठ्ठी डकवली, 'चित्र उलटे टांगले आहे.' साऱ्या शाळेत हशा पिकला. त्यानंतर सरांनी कधीही चित्र लावले नाही.

ती चिठ्ठी मी लिहिली होती. तीस वर्षांत हे मी कुणाला सांगितले नव्हते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कन्येला घेऊन मी सरांकडे गेलो. वय पंच्याऐंशीच्या घरात, हात किंचित कापणारे. तक्ता त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिला. गायतोंड्यांच्या नावावर त्यांचे बोट थांबले.

"यांचं एक चित्र पाह्यलं होतं मी," ते म्हणाले. "मुंबईला परीक्षेला गेलो होतो, तवा. जहांगीरमध्ये. तासभर उभा होतो. पहारेकऱ्यानं विचारलं, काही हरवलं काय म्हणून!"

मग मी ते सांगून टाकले. चिठ्ठी, अक्षर, सगळे. सर गप्प बसले. कन्या माझ्याकडे अशी पाहत होती, की तेवढ्यासाठी मी पुन्हा दोन दिवसांचा अबोला पत्करला असता.

"तुझं अक्षर मी तवाच ओळखलं होतं," सर म्हणाले. "'उलटे'तला 'ल' तू तसाच काढायचा. राग आला होता. पण रात्री शाळेत कोणी नव्हतं, तवा गेलो अन् खरंच उलटं करून पाह्यलं."

"मग?"

"उलटंही बरं दिसत होतं रे!" असे म्हणून ते हसले. मग हसू मावळले. "पण लावणं मी सोडलं ते चुकलं माझं. तुमच्यासारख्या पोट्ट्यांच्या हसण्यानं सोडायची गोष्ट नव्हती ती."

क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत, आणि मला मागण्याचे धैर्य झाले नाही. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला सांगितली. आत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली सत्तावीस चित्रे निघाली. कन्येने ती एकेक करून उजेडात धरली. कापूस वेचून झालेल्या शेताचा रंग मी जन्मभर पाहत आलो आहे. तो त्या कागदांवर होता, आणि शेत मात्र कोठेच नव्हते.

निघताना कन्येने आपला तक्ता काढला, रस्त्यावर पांढरकवड्याजवळ सरांचे नाव लिहिले आणि गायतोंड्यांपर्यंत एक तुटक रेघ ओढली.

"अगं, ते कुठं ओळखत होते मला?" सर म्हणाले.

"म्हणून तर तुटक," ती म्हणाली. "तुम्ही ओळखत होता ना."

द्रोणाच्या कोणत्याही तक्त्यात एकलव्याचे नाव नसते. ते लिहिणारे दुसरेच कुणी लागते.

कन्या यंदा नागपूरला चित्रकला शिकते आहे. पुढे तिचे काय होईल, पोट भरेल की नाही, याची काळजी मला आहेच. ती सुटणार नाही. परंतु या दिवाळीत आमच्या दिवाणखान्यातून कॅलेंडर उतरले आहे आणि त्या खिळ्यावर सरांचे करड्या रंगाचे ते चित्र आले आहे. फराळाला येणारा प्रत्येकजण विचारतो, "हे काय आहे?" मी त्यांना बसवतो, पुढ्यात चकलीची बशी ठेवतो, आणि सांगू लागतो.

परवा सर स्वतः येऊन पाहून गेले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बरोबर टांगलं आहेस."