लाखीशचा वेढा व आपला उपदेश

यरुशलेमेच्या सुटकेवर आपण पुष्कळदा उपदेश करितो. परंतु त्याच मोहिमेत पडलेल्या लाखीशचे स्मरण क्वचितच होते. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली. २ राजे १८ मध्ये लाखीश येते ते केवळ त्याच्या मुक्कामाचे ठिकाण म्हणून. नगराची दशा कळते ती निनवे येथील त्याच्या राजवाड्यातील शिल्पपटांवरून. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटास भिडविलेला चढणीचा बांध, त्यावरील तट फोडण्याची यंत्रे आणि मुलाबाळांसह पाडाव होऊन निघालेले लोक त्यांत दिसतात. उत्खननात तो बांधही सापडला आहे. सन्हेरीबाचा लेख यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे सांगतो. यरुशलेम घेतल्याचे मात्र सांगत नाही.

तथापि जे वाचले ते अधिक योग्य होते, असा निष्कर्ष काढू नये. लाखीशचे लोकही कराराचेच लोक होते. मीखा १ मध्ये संदेष्टा लाखीशला तिचे पाप दाखवितो, तरी त्या प्रदेशासाठी विलापही करितो. ज्यांच्या घरी सुटका आली नाही, असे श्रोतेही आपल्या मंडळीत असतात. यशया ३७ वर बोलताना उपदेशकाने प्रथम त्यांच्या शोकात सहभागी व्हावे.